गोळी, पॅच आणि शिट्टीचं जेल

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टरबाईंनी बजावलंय, रोज काय घेतलं आणि कसं वाटलं ते लिहीत जा. म्हणून ही वही. घेतलं: सकाळी इस्ट्रोजेनची गोळी आणि पुरुषी हार्मोन दाबणारी दुसरी, जिच्यामुळे दिवसातून अकरा वेळा बाथरूमकडे पळावं लागतं. कसं वाटलं: दहा महिने झाले, आरशात अजून तोच जुना भाडेकरू.

आता मुख्य बातमी. आज मालकिणीला सांगून टाकलं. बारा वर्षं तिच्या वर्कशॉपमध्ये कवळ्या बनवतेय, इतक्या वर्षांत लोकांचे जबडे सोडून आमचं कशावर बोलणं झालेलं नाही. ती एक वरची कवळी दिव्याखाली धरून बघत होती. मी एका दमात बोलले: मी बाई आहे, औषधं चालू आहेत, आता कामावरही तशीच यायचं म्हणते.

तिने कवळी उलटी केली. "मग कामाच्या फळ्यावर काय लिहू?"

मी नवं नाव सांगितलं. तिने वेलांटी पहिली की दुसरी ते विचारलं.

"कधीपासून?"

"एक एप्रिल?"

"एक नको. लोकांना थट्टा वाटेल. दोन धर. आणि केस बांधून यायचं. पॉलिशच्या चाकात गेले तर नाव बदलून काही उपयोग नाही."

एवढंच! मी तीन रात्री भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्यही खपलं नाही.

दोन एप्रिल. म्हणजे बारा आठवडे आणि दोन दिवस. या गोळ्यांच्या बैलगाडीने तोवर कुठे पोहोचणार मी?

९ जानेवारी

शिट्टीकडे गेले होते. शिट्टी फुटबॉलच्या सामन्यांना पंच असते, म्हणून हे नाव. याच वाटेवर ती माझ्या दोन वर्षं पुढे आहे आणि डॉक्टर या प्राण्यावर तिचा विश्वास नाही. "ते आधी प्रश्न विचारतात, मग कागद मागतात, मग बंद करतात," ती म्हणते.

तिच्या कपाटात मोज्यांच्या खणात आख्खं दुकान निघालं. पंपाची बाटली, तिच्यात जेल. पोटावर चिकटवायचे पॅच, पावणेदोन पाकिटं.

"बघ," शिट्टी म्हणाली, "गोळी पोटातून जाते, जेल कातडीतून आणि पॅच चिकटून बसतो. घर रंगवायला एक रंगारी लावलास तर दोन महिने. तीन लावलेस तर?"

मला पटलं. डॉक्टरबाई काही नाही म्हणालेल्या नाहीत. मी त्यांना विचारलंच नाही, हा भाग वेगळा.

१० जानेवारी

घेतलं: नेहमीच्या गोळ्या, शिवाय दोन्ही दंडांपासून कोपरांपर्यंत दोन-दोन पंप जेल. स्पिरिटसारखा वास येतो. वर्कशॉपमध्ये दिवसभर स्पिरिटचाच दिवा पेटलेला, त्यामुळे कुणाला पत्ता नाही.

घरी आल्यावर शिट्टीला फोन केला, "तुझं जेल अजून किती दिवसांचं आहे गं?" मागे आई उभी. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "कोण जेलमध्ये आहे?"

मी म्हटलं, केसांना लावायचं. तिने माझ्या केसांकडे पाहिलं आणि निघून गेली.

१५ जानेवारी

पॅच लावला, पोटावर डावीकडे. दुपारी मेण वितळवताना घाम आला, पॅच गायब. संध्याकाळी सापडला, कुणा आजोबांच्या जबड्याच्या साच्याला चिकटलेला. आजोबांना काही फरक पडला नसावा. उद्यापासून दोन लावणार, एक पडला तर एक राहील.

१९ जानेवारी, रविवार

शिट्टीने तिची टाचांची चप्पल दिली आहे. खोलीचं दार लावून कपाट ते खिडकी अशा साठ फेऱ्या मारल्या. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, सुतारकाम काढलंय का म्हणून.

२१ जानेवारी

घेतलं: गोळ्या, चार पंप, दोन पॅच. कसं वाटलं: डोकं ठणकतंय, छाती हुळहुळते, आणि आज मेणाचा एक दात मोडला म्हणून मी रडले. कृत्रिम दात! मालकिणीने खिडकी उघडली आणि म्हणाली, वाफ फार झालीये. काम होतंय म्हणायचं!

आईचं मात्र काही कळत नाही. तीन महिन्यांपूर्वी तिला सांगितलं, तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. तेव्हापासून ती माझ्याशी बँकेच्या खिडकीसारखी बोलते. आधी कसं, "आलास का रे? बस, गिळून घे" असं तोंडभर बोलायची. आता "जेवण झालं का?" "किती वाजेपर्यंत येणं होईल?" "किल्ली घेतली का?" रे नाही, काही नाही. मीही तिच्यासमोर "येतो, जातो" करते आणि इथे येऊन "आले, गेले" लिहिते. तिने मला परकं केलंय, एवढं दिसतंय. आज तर हद्द झाली. मी शिंकले तर म्हणाली, "सर्दी झालेली दिसते." कुणाला झालेली? हवेला?

२४ जानेवारी

डावी पोटरी दुखतेय. दिवसभर उभी असते, त्याचंच.

२७ जानेवारी

तीन महिन्यांची रक्ततपासणी. सकाळी आंघोळ, जेल, आणि थेट दवाखाना. नर्सने डाव्या हाताच्या कोपरातून रक्त घेतलं. "हात चिकट लागतोय," म्हणाली. "लोशन," मी म्हटलं. आजकाल माझ्या तोंडून खोटं कसं पॉलिश करून बाहेर पडतं.

३० जानेवारी

डॉक्टरबाई. मांजरीसारखा चष्मा, वर टोकं निघालेला. हार्मोनच्या डॉक्टर, कान-नाक-घशाच्या शेजारच्या खोलीत बसतात. त्यांनी रिपोर्ट जवळ धरला, लांब धरला, मग माझ्याकडे पाहिलं.

"एकोणीसशे बारा."

मला वाटलं साल आहे कसलंतरी.

"तुमचं इस्ट्रोजेन. शंभर ते दोनशेच्या मधे हवं. हा आकडा गरोदर बाईचा वाटतो. गोळ्यांखेरीज काही घेता?"

मी म्हटलं, "नाही."

"डोकं दुखतं? पाय दुखतो, सुजतो?"

"नाही."

"मग लॅबचा घोळ असेल," त्या सावकाश म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. वही लिहिताय ना? ती घेऊन या." आणि माझ्याकडे बघत राहिल्या, मला उठायचं आहे हे दिसत असूनही.

सांगणार कसं? एकदा कळलं की सगळंच बंद. शिट्टी सांगतेच की. दोन एप्रिलला मग मी काय घेऊन उभी राहू?

तरी एकोणीसशे! शिट्टीला सांगितलं तर ती म्हणाली, "विक्रम आहे." पण हसली नाही.

१ फेब्रुवारी

आज वर्कशॉपमध्ये एक आजी आल्या, मीच दोन महिन्यांपूर्वी बनवलेली खालची कवळी घेऊन. म्हणे टोचते. मी हातात घेतली, तर कड पार खाल्लेली. नखांच्या कानशीने घासलंय हे लांबूनही दिसत होतं.

"आजी, घरी घासलीत का?"

"छे रे बाबा! आपोआप झालं."

आपोआप! प्लास्टिक आपोआप झिजतं होय? मी म्हटलं, "खरं सांगा ना. मी काय मारणार आहे तुम्हाला? किती घासलंय ते कळलं तर दुरुस्त करेन, नाही कळलं तर मीही अंदाजाने घासत बसणार. मग तोंड तुमचं, जखमही तुमचीच." आजींचे डोळे भरले. म्हणाल्या, वाटलं तू रागावून परत घेशील.

परत घेईन? दात परत घेईन? लोक पण ना. समोर मदत करायला माणूस बसलेलं असताना लपवतात काय, खोटं बोलतात काय. डोकंच फिरलं माझं.

पोटरी अजून दुखतेय.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज बरंच लिहायचं आहे.

सकाळी मोजे घालत होते. आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "हा पाय असा का?"

"कसा?"

तिने कप ठेवला, शिवणाच्या डब्यातला टेप आणला आणि खाली बसून माझ्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी तीन सेंटिमीटर जास्त. मग उठली, पर्स घेतली. "डॉक्टरकडे जायचं. आत्ता."

मी म्हटलं, वर्कशॉपला उशीर होईल. तिने मालकिणीला स्वतः फोन लावला. काय बोलली ते बाल्कनीत बोलली.

दवाखान्यात नंबर येईपर्यंत मी मनाशी वाक्यं जुळवत होते, सगळी आजींसारखी. "आपोआप झालं." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आत गेले. मग मी ही वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. शिट्टीचं दुकान वाचलं, आजोबांचा साचा वाचला, तिथे त्यांचे ओठ जरा हलले. मांजरीसारख्या चष्म्यापाशी येऊन त्यांनी चष्मा काढला, पाहिला, परत घातला. मला वाटलं जमीन दुभंगावी.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटतंय तुम्ही तीन औषधं घेताय. औषध एकच आहे, ते तुम्ही तीन दारांनी आत पाठवताय. आणि शरीराची बेल एकदा वाजली की झालं. दहादा दाबल्याने माणूस दहापट लवकर दार उघडत नाही, वैतागतो फक्त. वर ती गोळी यकृतातून जाते, रक्त गोठण्याकडे झुकवते. इतक्या इस्ट्रोजेनवर पोटरी सुजली म्हणजे मला आधी गुठळीच आठवते. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर एप्रिल काय, उद्याचाही भरवसा नाही. मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सगळंच बंद कराल म्हणून."

"हे फक्त तुमच्याकडूनच ऐकत नाही मी," त्या म्हणाल्या. "बंद नाही करणार. मोजून देणार. पण आत्ता सगळं थांबवा आणि आधी पायाची सोनोग्राफी."

त्या खोलीबाहेर बाकावर आई आणि मी. फाईल माझ्या मांडीवर. आतून माणूस आला, "पेशंट कोण?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "ही." आणि बोट केलं. फाईलकडे असावं. त्याने फाईल घेतलीच.

आत थंडगार जेल लावलं, हेही जेलच. तो पडद्यावर बघत होता, मी त्याच्या चेहऱ्याकडे. आयुष्यात इतक्या बारकाईने मी कुणाचे दातही पाहिलेले नाहीत.

"गुठळी नाही," तो म्हणाला. "स्नायू थोडा फाटलाय. उड्याबिड्या मारल्यात का?"

साठ फेऱ्या. टाचांची चप्पल. मला हसू आलं आणि मग ते थांबेचना, आणि मग ते रडणं झालं. बाहेर आले तेव्हा आई बाकावर पर्स छातीशी धरून बसली होती. मी "काही नाही, स्नायू ताणलाय" म्हटलं, तर तिने पर्समधला रुमाल काढून माझ्या पायावरचं जेल पुसायला घेतलं. ते केव्हाच पुसलेलं होतं. तरी पुसत राहिली.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला. "आज नव्हती. हे नशीब आहे, हुशारी नाही," एवढंच म्हणाल्या. मग हात साबणाने धुवायला लावून मनगटाच्या मागून रक्त घेतलं.

५ फेब्रुवारी

खरा आकडा चारशे ऐंशी. एकोणीसशे कुठून आला? ज्या कातडीवर जेल चोपडलं, तिथेच सुई टोचली. सुईने जाताजाता जेलच उचललं. नर्स चिकट लागतंय म्हणाली होती!

चारशे ऐंशी म्हणजेही दुपटीच्या वरच. इस्ट्रोजेनची गोळी कायमची बंद. परवापासून फक्त पॅच, एकच, दर तीन दिवसांनी बदलायचा. दुसरी गोळी चालू, पण रक्तातलं पोटॅशियम बघून. पाय वर ठेवायचा, चप्पल शिट्टीला परत. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणी.

मी विचारलं, "आणि दोन एप्रिल?"

"दोन एप्रिलला तुम्ही कामावर जा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषधांना तारखा कळत नाहीत."

१० फेब्रुवारी

चप्पल परत करायला गेले आणि शिट्टीला सगळं सांगितलं. मला वाटलं, डॉक्टरांवर तोंडसुख घेईल. ती खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तुला काही झालं असतं तर?" ती म्हणाली. "रंगारी म्हणे. काय पण अक्कल दिली मी."

"घेतली मी. तू दिलीस, मी घेतली. तू कधी रक्त तपासलंयस?"

"मला काही होत नाही."

"तपासलंयस का?"

तिने विषय बदलला. शनिवारच्या सामन्यात धाप लागली, तिसऱ्यांदा, हे तिने दार लावताना सांगितलं, जणू हवापाण्याबद्दल बोलतेय.

२ मार्च, रविवार

पॅचने कातडी लाल होते, जागा बदलत राहायची. डोकेदुखी गेली. मेणाचे दात मोडले तरी रडू येत नाही, म्हणून मला जरा धास्तीच वाटायला लागली.

दुपारी पडले होते. आई स्वयंपाकघरात मावशीशी फोनवर बोलत होती. "बरी आहे आता ती. पाय उतरलाय. झोपलीये आत, उठली की सांगते तिला फोन करायला."

मला वाटलं मामाची मुलगी आलीये की काय. उठून बाहेर जाऊन पाहिलं, कुणी नाही. आत, झोपलेलं, पाय उतरलेलं घरात एकच माणूस. मग एकेक करून मागचं सगळं आठवायला लागलं. "जेवण झालं का." "येणं होईल का." तीन-चार महिने माझी आई मराठी भाषेतून वाट काढत होती, कुठे चुकीचा पाय पडू नये म्हणून. आणि मी म्हणे बँकेची खिडकी!

मी जाऊन म्हटलं, "आई, मी उठले." उठलो नाही. उठले.

तिने भांडं खाली ठेवलं. "मग तोंड धू की. आणि मावशीला फोन कर, माझं डोकं खाल्लंय तिने." थोड्या वेळाने पुन्हा आली आणि पाठमोरीच म्हणाली, "मी चुकले तर सांगत जा गं. चाळीस वर्षांची जीभ आहे." छत्तीस खरं तर, पण वयावरून हुज्जत घालायची ही वेळ नव्हती.

२५ मार्च

रिपोर्ट: चौऱ्याऐंशी. या वेळी हात धुतलेले, कातडी कोरी, आकडा खरा. थोडा कमीच.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता पॅचबरोबर थोडं जेल देऊ. एक पंप, मांडीवर, वाळल्यावरच कपडे. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू."

"म्हणजे एकत्र?"

"एकत्र."

"अहो, तेच तर मी करत होते!"

"तुम्ही कवळीचं प्लास्टिक कसं भिजवता?"

"पावडर आणि लिक्विड. मोजून."

"अंदाजाने घातलं तर?"

"आत बुडबुडे राहतात. एक दिवस घास चावताना मोडते."

त्यांनी नुसतं चिठ्ठीवर सही केली आणि पुढे सरकवली. मी ती घडी घालून वहीत ठेवली.

शिट्टी आज सोबतीला आली होती. "नुसती बसायला," तिने दहादा सांगितलं. बाहेर बाकावर बसून पाय हलवत होती. निघताना डॉक्टरबाई दारापर्यंत आल्या, तिला म्हणाल्या, "तुम्हीच का ते मोज्यांच्या खणातलं दुकान?" शिट्टीने माझ्याकडे असं पाहिलं की खिशात लाल कार्ड असतं तर मला दाखवलंच असतं. "आत या पाच मिनिटं. प्रश्न विचारेन, कागद नाही मागणार."

पाच मिनिटांची पस्तीस झाली. बाहेर आली ती रक्ततपासणीची चिठ्ठी आणि छातीच्या तपासणीची वेगळी चिठ्ठी घेऊन. घराशी पोहोचल्यावर म्हणाली, "उद्या सकाळी उपाशीपोटी जायचंय. येशील?"

२९ मार्च

शिट्टीच्या फुफ्फुसात एक लहान गुठळी निघाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू, दोन रात्री दवाखान्यात, सामने सध्या बंद. वेळेत आलात, असं तिला सांगितलं. मी भेटायला गेले तर नर्सवर खेकसत होती, जेवण थंड आहे म्हणून. मला बघितल्यावर तिने माझा हात धरून ठेवला. मग म्हणाली, "बंद नाही केलं गं त्यांनी. फक्त पॅचवर ठेवणार म्हणतायत. नंतर."

२ एप्रिल, बुधवार

केस बांधले. निळा कुर्ता, त्यावर नेहमीचा एप्रन. आईने दारात खालपासून वरपर्यंत बघून सांगितलं, "ओढणी नको, कुठेतरी अडकेल." ही आणि मालकीण फोनवर बोलतात की काय?

वर्कशॉपमध्ये पोहोचले तर सगळे धावपळीत. एक निवृत्त न्यायाधीश सकाळीच येऊन बसलेले. चार वाजता सभेत भाषण आणि नव्या वरच्या कवळीतून प्रत्येक "स" शिट्टीसारखा बाहेर पडतोय. मला कुणी काही म्हणायच्या आत मालकिणीने कवळी हातात ठेवली. पुढच्या दातांमागे तिळाएवढी जागा राहिली होती. मी मेण लावलं, तोंडात बसवली.

"म्हणा, सन्माननीय सभासदांनो."

"स्सन्माननीय स्सभास्सदांनो."

पुन्हा काढली, पुन्हा घासली. अर्धा तास हेच. ते घड्याळ बघत म्हणाले, "बाई, जरा आटपा हो."

"हो," मी म्हटलं. मालकीणही "हो" म्हणाली, मग माझ्याकडे हात केला. "तुला म्हणतायत. मी कुठे काय करतेय?"

सातव्या खेपेला सगळे "स" गुपचूप बसले. त्यांनी आरसा मागितला आणि सभासदांना पाच वेळा हाक मारली, आवाज चढवत. इतके आठवडे मी ज्या चेहऱ्यापायी जीव टांगणीला लावला होता, तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. त्यांनी एकदाही पाहिला नाही. आरशात ते फक्त स्वतःचे दात बघत होते.

उठताना म्हणाले, "बाई, पुढच्या बुधवारी खालची कवळीही बघा. तुम्हीच बघा, दुसऱ्या कुणाकडे देऊ नका."

घेतलं: पॅच, एक पंप. कसं वाटलं: भूक लागली होती. दुपारी डबा सगळा संपवला.